पाथफाइंडर सोसायटी: पहिल्या लेव्हलपासून पाचवीपर्यंत कसं जायचं

पाथफाइंडर हा पायझो कंपनीचा, टेबलाभोवती बसून फासे टाकत आणि एकेक कॅरेक्टर निभावत खेळायचा कल्पनारम्य खेळ, आणि सोसायटी ही त्याची संघटित मोहीम. त्यातला एका बैठकीचा खेळ म्हणजे सिनारिओ, तो चालवणारा म्हणजे जीएम (गेम मास्टर), आणि खेळून मिळणारे अनुभवाचे गुण म्हणजे एक्सपी. एका नव्या खेळाडूचा प्रश्न थोडक्यात असा आहे: “पाथफाइंडर सोसायटीत ऑनलाइन दोन सिनारिओ खेळलो. पहिला किरा हे तयार कॅरेक्टर घेऊन, दुसरा स्वतः बनवलेला मानव फायटर घेऊन. आता माझ्या फायटरकडे ८ एक्सपी आहेत. टेबलावर बाकीचे तिसऱ्या-चौथ्या लेव्हलचे आणि मी एकटाच पहिल्या. लवकर वर कसं जाऊ? आणि दुसऱ्या लेव्हलला काय घेऊ?”

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. आणखी एक सिनारिओ पूर्ण करा, की तुम्ही दुसऱ्या लेव्हलला पोचलात. सोसायटीच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २०१९ पासून चालू असलेल्या मोहिमेत, १२ एक्सपीला एक लेव्हल मिळते आणि पूर्ण सिनारिओचे ४ एक्सपी असतात. तासाभराच्या बाउंटीला १ आणि छोट्या क्वेस्टला १ किंवा २ मिळतात. किती राक्षस मारले, शेवटचा घाव कोणाचा बसला, कोण जास्त बोललं, याचा एक्सपीशी काही संबंध नाही. टेबलावर बसून सिनारिओ पार पाडलेल्या प्रत्येकाला सारखेच गुण मिळतात. २००८ मध्ये पायझोनं ही मोहीम सुरू केली तेव्हा सिनारिओला १ एक्सपी आणि लेव्हलला ३ असा हिशेब होता. आजही सिनारिओ तीनच लागतात. आकडा १२ केल्यामुळे छोट्या खेळांचाही वाटा मोजता येऊ लागला, एवढाच फरक.

म्हणजे लेव्हल ही इथे कमवायची गोष्ट नाही, खेळत राहिलात की ती येतेच. नऊ सिनारिओंनंतर चौथी, बारा सिनारिओंनंतर पाचवी. एक सिनारिओ चार-पाच तासांचा धरला तर पाचवीपर्यंत साधारण पन्नास-साठ तासांचा खेळ होतो. हा वेग तुमच्या टेबलावरच्या त्या चौथ्या लेव्हलवाल्यांनाही चुकलेला नाही. ते फक्त तुमच्याआधी बसले. मागे पडण्याची भावना मी समजू शकते, पण त्या भावनेपोटी नवे खेळाडू ज्या गोष्टी करतात त्यांनी त्यांचं नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक नियम सांगते, जो नव्या माणसाला कोणी वेळेवर सांगत नाही. दुसऱ्या लेव्हलचं कॅरेक्टर म्हणून पहिला खेळ खेळेपर्यंत तुम्ही तुमचा फायटर संपूर्ण बदलू शकता. वंश, पार्श्वभूमी, क्लास (पेशा), गुणांची वाटणी, फीट (निवडून घ्यायची खास कसबं), सगळं. एक्सपी आणि क्रॉनिकल शीट, म्हणजे खेळलेल्या सिनारिओंच्या नोंदी, तुमच्याच राहतात, कॅरेक्टरचा नंबरही तोच राहतो. याला पैसे पडत नाहीत आणि कारण द्यावं लागत नाही. पहिली लेव्हल ही त्या अर्थानं चाचपणीची आहे. तुमच्याकडे अजून एक सिनारिओ शिल्लक आहे, तो या नजरेनं खेळा: पुढे सरसावून मार खाणं आवडतंय का, की मागे राहून बाण मारावेसे वाटतात? किरा खेळताना, म्हणजे क्लेरिक म्हणून दुसऱ्यांना बरं करताना, जास्त मजा आली होती का? आली असेल तर आत्ताच क्लेरिक व्हा. घाईनं बाउंट्या उरकून दुसरीत उडी मारणारा ही संधी न वापरताच घालवतो, आणि पुढे तेच कॅरेक्टर बदलायचं म्हटलं की फार मोजक्या वाटा उरतात.

आता आकडे पाहू, कारण लेव्हलनं नेमकं काय वाढतं हे कळल्याशिवाय निवड करता येत नाही. मानव फायटरचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, वंशाचे ८, क्लासचे १० आणि कॉन्स्टिट्यूशन +२ असेल तर आणखी २, असे पहिल्या लेव्हलला २० होतात. पुढच्या प्रत्येक लेव्हलला १२ वाढतात. म्हणजे दुसरीत ३२, चौथीत ५६. पहिल्या लेव्हलला एका क्रिटिकल, म्हणजे दुप्पट नुकसानीच्या, घावात आडवं व्हायला होतं, दुसरीत ते बरंच टळतं. दुसरी गोष्ट प्रोफिशियन्सीची, म्हणजे प्रावीण्याची. तुम्ही ज्यात शिकलेले आहात त्या प्रत्येक आकड्यात तुमची लेव्हल आपोआप मिळवली जाते. फायटर शस्त्रात पहिल्यापासूनच एक्सपर्ट असतो, म्हणून त्याचा हल्ला लेव्हल अधिक ४ अधिक स्ट्रेंग्थ. स्ट्रेंग्थ +४ धरली तर पहिल्या लेव्हलला +९, दुसरीत +१०. पाचवीत तो निवडलेल्या शस्त्रगटात मास्टर होतो आणि लेव्हल आणि प्रावीण्य मिळून भर ११ वर जाते, त्यामुळे तलवारीवर साधा +१ चा रून (शस्त्रावर कोरलेली जादूची खूण) असला तरी +१६.

एकेका गुणाला एवढं महत्त्व का, तर या खेळात लक्ष्यापेक्षा १० नं जास्त आलं की क्रिटिकल. म्हणजे +१ नं घाव बसण्याची शक्यता जशी वाढते तशी बहुतेक वेळा दुप्पट नुकसान होण्याचीही वाढते. शत्रूच्या बाजूनंही हेच गणित आहे. म्हणून तुमच्यापेक्षा दोन लेव्हल वरचा शत्रू नुसता दोन गुणांनी कठीण नसतो, तो त्याहून बराच जास्त धोकादायक असतो.

आणि इथेच तुमच्या टेबलाची अडचण आहे, जी तुम्ही विचारली नाहीत पण मला दिसते. १ ते ४ लेव्हलच्या सिनारिओत जीएम सगळ्यांचे चॅलेंज पॉइंट मोजतो: पहिल्या लेव्हलचे २, दुसरीचे ३, तिसरीचे ४, चौथीचे ६. समजा टेबलावर तुम्ही, एक तिसऱ्या लेव्हलचा आणि दोघं चौथीचे आहेत. बेरीज १८. चार जणांच्या टेबलावर १८ म्हणजे वरचा टियर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या लेव्हलसाठी बेतलेले शत्रू. हेच १८ सहा जणांचे झाले असते तर खालचा टियर, फक्त शत्रू वाढले असते. तेव्हा पहिल्या लेव्हलला नाव नोंदवताना टेबलावर कोण कोण आहे ते बघा. दोन-तीन पहिल्या-दुसऱ्या लेव्हलचे लोक असतील असं टेबल शोधा. नाइलाजानं वरच्या टियरमध्ये बसावं लागलंच तर जीएमला लेव्हल बंपबद्दल विचारा. खालच्या लेव्हलच्या कॅरेक्टरला त्या एका खेळापुरते आकडे थोडे वाढवून मिळण्याची ती सोय आहे, आणि गडबडीत ती विसरली जाते. विचारण्यात संकोच करू नका, जीएमला उलट बरं वाटतं.

दुसऱ्या लेव्हलला फायटरला दोन गोष्टी निवडायच्या असतात: एक क्लास फीट आणि एक स्किल फीट. तिसरीत जनरल फीट आणि एका स्किलची वाढ, चौथीत पुन्हा क्लास आणि स्किल फीट, पाचवीत चार गुण वाढवणं, वंशाचं फीट आणि पुन्हा स्किलची वाढ. यादी मोठी दिसते म्हणून लोक तयार बिल्ड शोधतात. ते बिल्ड बहुतेक वेळा घरच्या मोहिमेसाठी असतात, जिथे तेच चार मित्र दर आठवड्याला भेटतात. सोसायटीत तसं नसतं. पुढच्या खेळाला तुमच्याबरोबर कोण बसणार हे तुम्हाला माहीत नसतं. एका रात्री तीन क्लेरिक, दुसऱ्या रात्री एकही नाही. म्हणून माझा सल्ला एकच आहे आणि तो मी प्रत्येक नव्या खेळाडूला देते: प्रत्येक लेव्हलला एक निवड स्वतःच्या क्लाससाठी करा आणि एक निवड अनोळखी टेबलासाठी.

तुमच्या फायटरला हे लावून पाहू. क्लास फीट म्हणून दुसऱ्या लेव्हलला इंटिमिडेटिंग स्ट्राइक मला आवडतं. पाळीतल्या तीन अ‍ॅक्शनपैकी दोन लागणारा घाव, बसला तर शत्रू फ्रायटन्ड (घाबरलेला) १ होतो, क्रिटिकल बसला तर २. फ्रायटन्ड झालेल्याचा आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडाही कमी होतो, त्याचे हल्लेही, त्याचे सेव्ह, म्हणजे संकट टाळण्याचे फासेही. फायदा तुमचा तर आहेच, पण त्यानंतर ज्याची पाळी येईल त्या प्रत्येकाचाही आहे, मग तो रोग, म्हणजे चोरपावलांनी लढणारा, असो की जादूगार विझर्ड. तुम्ही ढाल वापरत असाल तर ढालीची फीट घ्या, त्यात काही वावगं नाही. मात्र दुसऱ्याच लेव्हलला आर्किटाइपकडे, म्हणजे दुसऱ्या क्लासचा थोडा भाग उचलण्याकडे, वळू नका. कल्पना मोहक असते, पण त्याच्या पहिल्या, डेडिकेशन नावाच्या फीटमधून हाती फार थोडं लागतं आणि स्वतःच्या क्लासचं एक चांगलं फीट जातं. चौथी-सहावीत, खेळ अंगवळणी पडल्यावर, तो विचार जास्त फळतो.

टेबलासाठीच्या निवडीत मी वैद्यकीला पहिली जागा देते. मेडिसिन स्किल शिकलेला आणि ५ सोन्याच्या नाण्यांचा हीलर्स टूलकिट बाळगणारा कोणीही लढाईनंतर दहा मिनिटं देऊन ट्रीट वूंड्स करू शकतो. फासा आणि तुमचा मेडिसिनचा आकडा मिळून १५ जमलं की दोन आठ-बाजूंच्या फाशांइतके हिट पॉइंट परत. त्यासाठी जादू लागत नाही. अडचण एवढीच की त्यानंतर तासभर त्याच माणसावर ते पुन्हा करता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: दुसऱ्या लेव्हलला बॅटल मेडिसिन, ज्यानं भर लढाईत एका अ‍ॅक्शनमध्ये शेजारच्याला सावरता येतं, पण एका माणसावर दिवसातून एकदाच. तिसऱ्या लेव्हलला जी स्किलची वाढ मिळते ती मेडिसिनला देऊन एक्सपर्ट व्हा. मग चौथ्या लेव्हलला कंटिन्युअल रिकव्हरी, म्हणजे तो तासाचा खंड दहा मिनिटांवर येतो. या टप्प्याला पोचलेला माणूस टेबलावर असला की क्लेरिक नसल्याची चिंता जवळजवळ मिटते. जीएमच्या खुर्चीतून मी हे पुन्हा पुन्हा पाहते: सगळे हल्ल्यावर भर देणारे असतात, दुसऱ्या लढाईनंतर सगळे अर्धमेले होतात, आणि मग एखादा बार्बेरियन शांतपणे म्हणतो, “माझ्याकडे मेडिसिन आहे.” त्या क्षणी टेबलाचा जीव भांड्यात पडतो.

तुमच्या फायटरची विझडम अगदीच कमी असेल तर मेडिसिन ओढाताणीचं होईल. मग इंटिमिडेशन घ्या आणि डिमॉरलाइझ शिका. त्याला एकच अ‍ॅक्शन लागते. नवे खेळाडू तिन्ही अ‍ॅक्शन हल्ल्यात घालतात. साध्या शस्त्राचा दुसरा हल्ला ५ नं आणि तिसरा १० नं उणा होतो, हे त्यांना माहीत असतं, तरी हात फाशाकडे जातोच. तिसऱ्या हल्ल्याऐवजी शत्रूला घाबरवा, बाजू बदलून फ्लँकिंग (साथीदारासह शत्रूला दोन बाजूंनी घेरणं) मिळवा, ढाल उचला, एक पाऊल मागे घ्या. फायटरकडे रिअ‍ॅक्टिव्ह स्ट्राइक आहे, तुमच्या जवळून कोणी निसटू लागला की तुम्हाला फुकटचा घाव मिळतो. योग्य जागी उभं राहणं हेच फायटरचं निम्मं काम. या सगळ्याला लेव्हल लागत नाही, आणि याचा फायदा एका लेव्हलइतका सहज होतो.

पैशांबद्दल. सुरुवातीला १५ सोन्याची नाणी मिळतात. पहिल्या लेव्हलला पूर्ण बक्षीस हाती लागलं तर सिनारिओमागे साधारण १४, दुसरीत २२. म्हणजे दुसऱ्या लेव्हलच्या उंबरठ्यावर ३५ नाण्यांचा +१ वेपन पोटेन्सी रून आवाक्यात येतो, आणि त्यानंतर ६५ नाण्यांचा स्ट्रायकिंग रून. फायटरसाठी खरेदीचा हाच क्रम, यात मला शंका नाही. स्ट्रायकिंगनं शस्त्राचा एक फासा वाढतो. ग्रेटसोर्डचा एक बारा-बाजूंचा फासा दोन होतात, सरासरी नुकसान साडेदहावरून सतरावर जातं. उद्या दुसरी तलवार आवडली तर रून थोड्या खर्चात तिच्यावर हलवता येतात, पैसे बुडत नाहीत. पण ३५ जमवण्याच्या नादात रिकाम्या खिशानं फिरू नका. ४ नाण्यांचं एक हीलिंग पोशन कायम जवळ ठेवा, आणि दोन-तीन जॅव्हलिन घ्या, ती काही चांदीच्या नाण्यांत मिळतात. उडणारा शत्रू समोर आला की भारी तलवारवाला फायटर नुसता बघत राहतो, ते दृश्य मला बघवत नाही.

प्रत्येकाकडे खेळाच्या सुरुवातीला एक हिरो पॉइंट असतो. नव्यांनी तो फासा पुन्हा टाकण्यात उडवू नये. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला क्रिटिकलनं पडलात तर थेट डाइंग २ होता, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या दुसऱ्या पायरीवर, आणि डाइंग ४ म्हणजे मृत्यू. उरलेले सगळे हिरो पॉइंट देऊन मरणापासून वाचता येतं, त्यासाठी किमान एक हवा.

आता घाईकडे परत. १ ते ४ चा सिनारिओ पाचव्या लेव्हलच्या कॅरेक्टरला खेळता येत नाही. पुढे ३ ते ६, ५ ते ८, ७ ते १० असे पट्टे आहेत. शिवाय बहुतेक सिनारिओ एका माणसाला खेळाडू म्हणून एकदाच क्रेडिटसाठी खेळता येतात, मग कॅरेक्टर कितीही बदला. पुन्हा पुन्हा खेळता येणारे काही आहेत, पण थोडे. म्हणजे खालच्या लेव्हलचे सिनारिओ हा मर्यादित साठा आहे. एकाच फायटरला चढवत तो भराभर संपवलात तर पुढे दुसरं कॅरेक्टर बनवल्यावर, किंवा एखादा मित्र नव्यानं आल्यावर, त्याच्याबरोबर खेळायला फारसं उरत नाही. ज्यांना एखाद्या लेव्हलवर रेंगाळायचं असतं त्यांच्यासाठी संथ वाढीचा पर्यायही आहे: खेळ सुरू होण्याआधी जीएमला सांगायचं, मग एक्सपी आणि बक्षीस दोन्ही निम्मे मिळतात. तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही, पण तिसऱ्या-चौथ्या लेव्हलला मित्राची वाट बघायची असेल तेव्हा तो आठवा.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या अ‍ॅडव्हेंचरर्स लीगमधून आलेल्यांचा इथे गोंधळ होतो. २०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा तिथे एक्सपी मोजत, २०१८ च्या हंगामात त्याऐवजी चेकपॉइंट आले, आणि पुढे साहस संपलं की लेव्हल घ्यायची किंवा नाकारायची मुभा मिळाली. पाथफाइंडर सोसायटीत नकार देता येत नाही. १२ एक्सपी झाले की पुढच्या खेळाला वरच्या लेव्हलनंच बसायचं.

खरोखर वेग हवा असेल तर त्याचा एक सरळ मार्ग आहे: जीएम व्हा. सिनारिओ चालवलात की तुमच्या एका कॅरेक्टरला त्याचं क्रेडिट मिळतं, आणि तोच सिनारिओ खेळाडू म्हणून एकदा खेळून दुसऱ्या कॅरेक्टरलाही मिळवता येतं. पाच-सहा सिनारिओ खेळून झाल्यावर एखादी बाउंटी चालवून बघा. तासाभराचा खेळ, थोडे शत्रू, नियम हाताशी. नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर अधिकृतपणे फुकट वाचायला मिळतात आणि प्रत्येक पर्यायासमोर सोसायटीत तो चालतो की नाही याची खूण असते. एवढं लक्षात ठेवा की मूळ पुस्तकांबाहेरचा पर्याय घ्यायचा तर ते पुस्तक किंवा त्याची पीडीएफ तुमच्या मालकीची लागते. फुकट वाचायला मिळतं म्हणजे वापरायलाही चालतं, असं नाही. सहाव्या लेव्हलला हे कळून फीट बदलावं लागलं की फार जिवावर येतं.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी वेळेचं गणित. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा रात्री आठचा खेळ उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. ब्रिटनमधला संध्याकाळी सातचा, तोही उन्हाळ्यात, आपल्या रात्री साडेअकराला. सिडनीतला संध्याकाळी सातचा, तिथला हिवाळा असताना, आपल्या दुपारी अडीचला, म्हणून शनिवार-रविवारी ऑस्ट्रेलियातली टेबलं आपल्याला सोयीची. हे काहीच जमत नसेल तर पोस्ट टाकून खेळण्याची टेबलं आहेत, जिथे दिवसाला एखादी पोस्ट पुरते. पण तिथे एक सिनारिओ महिना-दोन महिने चालतो, आणि तो संपेपर्यंत ते कॅरेक्टर दुसरीकडे वापरता येत नाही. म्हणून तुमचा फायटर थेट चालणाऱ्या टेबलांसाठी राखा आणि पोस्टवरच्या खेळासाठी दुसरं कॅरेक्टर नोंदवा. तुमच्या सोसायटी नंबरापुढे २००१ हा फायटर आहे, तर नवं २००२ होईल. किरा खेळताना रमला असाल तर ते क्लेरिक करा. पोस्टवर विचार करायला वेळ मिळतो आणि मंत्रांची यादी निवांत वाचता येते, त्यामुळे जादू करणारे क्लास तिथे शिकायला सोपे जातात.